जुन्या वृत्तपत्रांतली स्फोटाची चित्रं अभ्यासताना

साताऱ्यात इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्यांना प्रबंध म्हटलं की गडकोट नाहीतर प्रतिसरकार आठवतं. मी विषय घेतला युरोपातल्या जुन्या सचित्र वृत्तपत्रांचा, त्यातही लष्कराच्या दारूगोळ्याच्या अपघातात सापडलेल्या साध्या माणसांच्या चित्रांचा. आपल्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, फौज म्हणजे घरचाच माणूस. पण दारूकोठाराच्या शेजारी राहणाऱ्यांचं काय होतं, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

असा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात एकाच घटनेपासून करा. ५ मार्च १८९९ रोजी रात्री अडीचच्या सुमारास फ्रान्समधल्या तूलाँजवळचं लागूब्राँचं नौदलाचं दारूकोठार उडालं. पहाऱ्यावरचे सैनिक गेले, तशी आसपासच्या घरांत झोपलेली माणसंही. त्या काळात ‘ल पेती जुर्नाल’ या फ्रेंच वृत्तपत्राची रंगीत साप्ताहिक पुरवणी पाच सांतीमला (फ्रेंच चिल्लर) मिळे आणि तिच्या पहिल्या पानावर भलंमोठं चित्र असे. असे अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. फ्रेंच येत नसेल तरी अडू नका, गावाचं नाव आणि तारीख यांवरून शोध लागतो.

आता खरं काम. मध्यरात्रीच्या स्फोटाचं चित्र कोणी समोर उभं राहून काढलेलं नसतं. तारेने आलेल्या बातमीवरून चित्रकार ते कागदावर उभं करतो. लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४२ च्या पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या आगीचं चित्र दिलं, ते शहराच्या जुन्या छापील चित्रात ज्वाळा भरून! पण तेवढ्यावरून चित्र खोटं म्हणून बाजूला टाकायचं नाही. चित्रकाराने पुढे कोणाला ठेवलं ते बघायचं: मूल घेऊन पळणारी बाई, की शिस्तीत मदत करणारा शिपाई? वाचकाला काय बघायला आवडेल याचा अंदाज त्यात उतरलेला असतो आणि माझ्या मते अभ्यासाचा गाभा तोच आहे.

त्या लंडनच्या अंकांत पातळ पांढऱ्या रेषाही दिसतील. लाकडी ठोकळ्याचे तुकडे वेगवेगळ्या कारागिरांना कोरायला देऊन नंतर जोडत, त्या जोडाच्या या खुणा.

प्रत्येक चित्रासाठी वेगळं कार्ड करा. घटनेची तारीख, अंकाची तारीख, चित्राखालचा मजकूर, मृतांचा पहिला आकडा आणि नंतरचा आकडा.

एवढा हात बसला की मुंबईकडे वळा. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं. स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात होत्या. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे त्याच्या बातम्याही दाबल्या गेल्या. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईत हमाली करत होती. तेव्हा कोरेगाव, पाटणकडच्या जुन्या घरांत जाऊन विचारा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांवर आलेलं दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि सांगणाऱ्याला तो कागद वाचून दाखवल्याशिवाय उठू नका.