‘त्याच्यासारखंच देऊन टाक’

सॅप म्हणजे कंपनीचा खरेदी-स्टॉक-हिशेब चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या सिक्युरिटीत, म्हणजे कोणाला काय करता यावं हे सांभाळण्याच्या कामात, मी ठरवून आलो नाही. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात आयटी सपोर्टला होतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला की पळायचं, नवीन माणूस लागला की त्याचा यूजर तयार करायचा. मेल यायचा, ‘स्टोअरमध्ये अमुक आहेत ना, त्यांच्यासारखंच देऊन टाक.’ मी एसयू०१, म्हणजे यूजर तयार करायची स्क्रीन, उघडून जुना यूजर कॉपी मारायचो. दोन मिनिटांचं काम.

ते ‘अमुक’ स्टोअरला यायच्या आधी परचेसला होते. बदली झाली, टेबल बदललं, जुने रोल, म्हणजे त्या कामाचे हक्क, मात्र कोणी काढले नाहीत. त्यामुळे स्टोअरचा नवा पोरगा एमई२१एनमध्ये पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढू शकत होता आणि त्याच पीओचा माल आल्याची नोंद मिगोत करू शकत होता. न आलेला माल सिस्टिममध्ये आणायची सोय मीच करून ठेवली होती. त्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. ऑडिटरने यादी मागितली तेव्हा उघडं पडलं, आणि बोलणी मी खाल्ली.

म्हणून या कामात नवीन येणाऱ्यांना सांगतो, पीएफसीजी, म्हणजे रोल बांधायची स्क्रीन, नंतर शिका, आधी वही घेऊन खात्यात बसा. गेटवर चलन कोण घेतो, माल कोण मोजतो, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, कोण करतो, बिल कोण पास करतो? सातपूरच्या युनिटला दोन दिवस बसलो तर कळलं, चौघांपैकी दोघं नुसता स्टॉक बघतात. त्यांना ०३, म्हणजे डिस्प्ले, पुरे होतं. आम्ही ०१ आणि ०२, म्हणजे नवी नोंद आणि बदल, दोन्ही वाटून बसलो होतो. रोल कामाच्या नावाने बांधा, माणसाच्या नाही. अंबड, सातपूर, सिन्नर अशी युनिटं असली तर एक मास्टर रोल आणि त्यावरून काढलेले डिराइव्ह्ड रोल. त्यात फक्त प्लांट, म्हणजे युनिट, बदलतो.

‘साहेब, चालत नाहीये’ असा फोन आला की लगेच हक्क देऊ नका. त्याच यूजरला तिथल्या तिथे एसयू५३, म्हणजे कुठला हक्क नाकारला ते दाखवणारी स्क्रीन, उघडून फोटो पाठवायला सांगा. एकदा एकाचा मिगो अडला होता. फोटोत प्लांट सिन्नरचा, माणूस सातपूरचा! त्याने पीओ नंबरच चुकीचा टाकला होता. मी परवानगी देऊन मोकळा झालो असतो तर सातपूरचा माल सिन्नरच्या नावावर चढला असता.

टॅली वापरणाऱ्या छोट्या ऑफिसांत वेगळीच तऱ्हा. सगळे ‘ॲडमिन’नेच आत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग, म्हणजे केलेल्या बदलांची नोंद, सक्तीचा आहे, पण पाच जणांचं लॉगिन एकच असेल तर त्या लॉगमध्ये काय डोंबल दिसणार?

मार्चअखेर सगळ्यांत कठीण. अकाउंट्सचे एक वरिष्ठ येऊन बसले, ‘आजच्यापुरतं सॅप_ऑल दे रे.’ सॅप_ऑल म्हणजे सगळेच हक्क. ते दिलं नाही. त्यांना हवा होता तो एकच रोल दिला आणि एसयू०१मध्ये त्या रोलची शेवटची तारीख २ एप्रिल टाकली. मुदत संपलेल्या रोलचे हक्क काढून घेणारा यूजर कम्पॅरिझनचा रात्रीचा जॉब लावलेला आहे ना, हेही बघून घेतलं. तो नसेल तर तारीख उलटली तरी रोलची प्रोफाइल, म्हणजे प्रत्यक्ष हक्क, चिकटून राहते.

३ तारखेला सकाळी साडेनऊला त्यांचा फोन. ‘अरे, चालत नाहीये.’

त्या दिवशी एसयू५३चा फोटो मागवला नाही.