पाठीवर शिड चिकटवलेला इग्वाना: जुना विज्ञान-साहसपट कसा बघावा

जुना विज्ञान-साहसपट बघायला बसलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'डोकं बाजूला ठेवून बघ'. दुसरा, 'चार मित्र बोलव आणि खिल्ली उडवत बघ'. दोन्ही टाकाऊ. डोकं बाजूला ठेवलं तर या चित्रपटांत बघण्यासारखं जे असतं तेच निसटतं. आणि खिल्ली वीस मिनिटांत संपते, चित्रपट उरतोच.

उदाहरणाला १९५९चा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' घेऊ. ज्यूल व्हर्नच्या १८६४च्या कादंबरीवरचा, हेन्री लेव्हिनने दिग्दर्शित केलेला, जेम्स मेसन पृथ्वीच्या केंद्राकडे निघालेल्या प्राध्यापकाच्या भूमिकेत. दोष हवे तेवढे आहेत: रेंगाळणारी सुरुवात, मध्येच गाऊ लागणारा गायक-नट पॅट बून, कादंबरीत कुठेही नसलेलं एक बदक. तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला मी हाच सुचवतो.

१. टीव्ही. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारी सोय, बंद करा. चित्र मूळ रुंद चौकटीत हवं, कडा कापलेली प्रत नको. चित्रपट कृष्णधवल असेल तर मागाहून रंगवलेली प्रतही नको.

२. सोबत. गप्प बसता येणारं माणूस, नाहीतर कोणी नको.

३. सुरुवातीचा कंटाळा. मंडळी जमिनीखाली उतरायच्या आधी बराच वेळ एडिनबरो आणि आइसलँडमध्ये जातो. इथे लोक चित्रपट पुढे पळवतात. पळवू नका. कोणाला काय हवंय आणि कोण कोणाला फसवणार, हे सगळं इथेच ठरतं. खून झालेल्या प्रतिस्पर्ध्याची बायको, कार्ला, मोहिमेचं सामान देते, पण मलाही सोबत नेलं तरच, या अटीवर. हा भाग गाळला तर खाली गेल्यावरची तिची आणि प्राध्यापकाची खडाजंगी नुसती कटकट वाटते.

तरीही कंटाळा आलाच तर कान लावा. संगीत बर्नार्ड हरमनचं आहे आणि त्यात व्हायोलिनसारखी गजाने वाजवायची तंतुवाद्यंच नाहीत. चर्चमधला मोठा ऑर्गन, चार इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, पितळी वाद्यं, हार्प. जमिनीखालची खोली ऐकू येते ती यातून. पुढच्याच वर्षी याच माणसाने 'सायको'साठी उलटं केलं, फक्त तीच तंतुवाद्यं वापरली.

४. राक्षस येतो. गाडी घसरते ती इथे. मला हा टप्पा जमायला फार वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

पाताळातल्या समुद्राच्या काठावर डायमेट्रोडॉन, म्हणजे पाठीवर शिड असलेले प्राचीन प्राणी, येतात. ते जिवंत इग्वाना, म्हणजे मोठे सरडे आहेत आणि त्यांच्या पाठीवर शिड चिकटवलंय, हे लहान मूलसुद्धा ओळखतं. (डायमेट्रोडॉन डायनासोर नव्हताच, डायनासोर येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी तो संपला होता. असो.) अशा वेळी प्रेक्षक एकतर ओढूनताणून विश्वास ठेवायला बघतो, नाहीतर हसून मोकळा होतो. ओढूनताणून विश्वास बसत नाही, आणि एकदा हसलं की पुढच्या प्रत्येक दृश्यात हसण्याचीच वाट बघितली जाते.

त्याऐवजी हातभर लांबीचा प्राणी घराएवढा कसा केला, ते शोधायला लागा. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर रोखलाय, म्हणून प्राणी आभाळाला भिडलेला दिसतो. चित्रण जास्त वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवलंय, म्हणून त्याचं पाऊल सावकाश पडतं, आणि सावकाश पडणारं पाऊल डोळ्याला जड वाटतं. माणसं आणि सरडा एकमेकांसमोर कधीच उभे नव्हते, दोन चित्रं जोडलेली आहेत. जोड कुठल्या खडकाच्या कडेने गेलाय ते बघा. दोन्हीकडचा उजेड जुळतो का ते बघा. छोट्या प्रतिकृतींच्या दृश्यात पाण्याकडे लक्ष ठेवा: जहाज लहान करता येतं, थेंब लहान करता येत नाही. थेंब बोराएवढे दिसले की जहाज टबात आहे हे समजा.

हे शोधताना कथा हातातून सुटेल अशी भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. डोळ्यांना काम मिळालं की मन कुरकुर थांबवतं आणि कथेमागून निमूट चालू लागतं.

राक्षस उभे करण्याचं दुसरं घराणं स्टॉप-मोशनचं, आणि त्यातला उस्ताद रे हॅरीहाउझन. इथे बाहुली एकेक चौकट हलवून चित्रित करतात, पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत बाहुली स्थिर असल्याने धावत्या प्राण्याच्या चित्रात येतो तो पुसटपणा तिच्यात येत नाही. सगळे ज्याला 'झटके' म्हणून नावं ठेवतात ते हेच. टीव्हीचं स्मूदिंग बंद करायला सांगितलं तेही यासाठीच, ते या झटक्यांचा चिखल करतं. 'मिस्टीरिअस आयलंड' (१९६१) मधला खेकडा बघा. कवच खऱ्या खेकड्याचं, आत धातूचा सांगाडा. तो सगळा प्रसंग एकदा सरळ बघा, मग मागे जाऊन आवाज बंद करून पुन्हा बघा. दुसऱ्या वेळी त्याचे पाय बघा.

एका गोष्टीला मात्र माझ्याकडे माफी नाही. काही जुन्या चित्रपटांत जिवंत सरपटणारे प्राणी खरोखर एकमेकांवर सोडलेले आहेत. 'वन मिलियन बी.सी.' (१९४०) मधली अशी झुंज पुढे कितीतरी स्वस्त चित्रपटांत चिकटवली गेली. ती आली की मी चित्रपट सरळ पुढे पळवतो. कौतुकाने बघावं असं त्यात काही नाही.

५. चुका कुठल्या मोजायच्या. पैसा आणि तंत्र कमी पडल्यामुळे आलेल्या चुका सोडून द्या. चित्रपटाने स्वतःचाच नियम मोडला तर मात्र खुशाल धरा. 'फॅन्टॅस्टिक व्हॉयेज' (१९६६) मध्ये पाणबुडी आणि माणसं सूक्ष्म करून रुग्णाच्या धमनीत सोडतात. हे अशक्य आहे म्हणून कुरकुरायचं असेल तर बघायलाच बसू नका. पण साठ मिनिटांनी सगळं मूळ आकाराला येणार असं चित्रपटच सांगतो, आणि शेवटी पांढऱ्या पेशीने गिळलेली पाणबुडी आतच सोडून देतो. हा आळस. आयझॅक असिमोव्हने त्याच कथेची कादंबरी लिहिताना ती पेशी अवशेषांसकट बाहेर आणवली.

बायकांना किंचाळण्यापुरतं ठेवणं, परक्या देशातल्या माणसांना रानटी दाखवणं, हेही मोजा. 'काळच तसा होता' म्हणणाऱ्यांना कार्ला दाखवा, तीही त्याच काळातली.

६. विज्ञान. दुसऱ्या दिवशी. चित्रपट थांबवून फोनवर शोधाशोध करणाऱ्याने निबंध वाचावेत. पृथ्वीच्या कवचात साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढतं. रशियातलं कोला इथलं खोदलेलं विवर १२,२६२ मीटरवर थांबलं, तिथे सुमारे १८० अंश होते, आणि केंद्र तब्बल ६,३७१ किलोमीटर खाली. आदल्या रात्री मेसन ज्या रुबाबात खाली उतरला, तो हे वाचल्यावर आणखी आवडतो.

७. पुढचा. 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६). त्यात वाद्यवृंद नाही. लुईस आणि बेबी बॅरन या जोडप्याने स्वतः विद्युत-परिपथ जोडून त्यातून आवाज काढले. हेडफोन लावून बघा, टीव्हीच्या पातळ स्पीकरवर त्यातलं निम्मं हरवतं.