सह्याद्रीतील लहान कीटकभक्षी वटवाघळे: कुळ कसे ओळखावे, अधिवास कसा वाचावा

सह्याद्रीच्या जंगलातील लहान वटवाघळांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने जातीच्या नावापासून सुरुवात करू नये. भारतात वटवाघळांच्या सुमारे १३० जाती आहेत, त्यांतल्या बहुसंख्य कीटकभक्षी आहेत, आणि पिपिस्ट्रेलस वंशातल्या काही जाती तर एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की कवटी, दात किंवा डीएनए पाहिल्याशिवाय तज्ज्ञही त्यांचे नाव निश्चित करीत नाहीत. कुळ मात्र बहुतेक वेळा दुरूनच ओळखता येते, आणि पुष्कळदा वंशही. त्यासाठी प्राणी कुठे आणि कसा लटकला आहे, त्याचा चेहरा कसा आहे, तो कोणत्या मोकळीकीत उडतो आणि कोणत्या वारंवारतेवर आवाज काढतो, या चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. ही चारही लक्षणे परस्परांशी जोडलेली असल्याने, एक नीट पाहिले की पुढच्याचा अंदाज बांधता येतो.

जुन्या पुस्तकांवर विसंबणाऱ्यांनी वर्गीकरणातला एक बदल आधी समजून घ्यावा. पूर्वी वटवाघळांच्या गणाचे मोठी फलाहारी वटवाघळे आणि लहान, स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधणारी वटवाघळे असे दोन सरळ भाग केले जात. गेल्या पंचवीस वर्षांतल्या डीएनए अभ्यासांनी ही विभागणी मोडीत काढली. ज्यांच्या नाकाभोवती घोड्याच्या नालासारखी त्वचेची घडी असते ती ऱ्हायनोलोफिडी कुळातली वटवाघळे, नाकावर पानासारखी रचना असलेले हिप्पोसिडेरिडी कुळ, मेगाडर्माटिडी कुळ आणि लांब शेपटीचे ऱ्हायनोपोमाटिडी कुळ ही सगळी फलाहारी वटवाघळांची जवळची नातेवाईक ठरली, आणि त्या सर्वांना मिळून यिनप्टेरोकायरोप्टेरा हा उपगण झाला. साधा चेहरा असलेले व्हेस्परटिलिओनिडी कुळ, एम्बॅलोन्युरिडी, मोलॉसिडी आणि पूर्वी व्हेस्परटिलिओनिडीत गणले जाणारे पण आता स्वतंत्र मानले गेलेले मिनिऑप्टेरिडी ही कुळे यांगोकायरोप्टेरा या दुसऱ्या उपगणात येतात. याचा अर्थ असा की, एकाच गुहेत शेजारीशेजारी लटकलेली, आकाराने सारखी दिसणारी दोन लहान कीटकभक्षी वटवाघळे एकमेकांपासून फार दूरची असू शकतात. आकार हा नात्याचा पुरावा नाही, ही गोष्ट पक्की धरली तर अर्ध्याअधिक चुका टळतात.

लटकण्याची पद्धत

गुहा, बोगदा, रस्त्याखालची मोरी किंवा ओसाड बंगल्याचा माळा अशा ठिकाणी प्राणी दिसला तर प्रथम त्याची बैठक पाहावी. ऱ्हायनोलोफस आणि हिप्पोसिडेरॉस वंशांतली वटवाघळे छतापासून पायांवर सरळ, मोकळी लोंबकळतात. भिंतीवर चालणे त्यांना नीट जमत नाही, त्यामुळे त्यांना उडत येऊन थेट छताला पकडता येईल अशी मोकळी जागा लागते. त्यांतही ऱ्हायनोलोफस विश्रांतीच्या वेळी दोन्ही पंख अंगाभोवती गुंडाळून घेते, तर हिप्पोसिडेरॉस पंख बाजूला मिटून ठेवते. हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस या जातीच्या वसाहतीत प्रत्येक प्राणी शेजाऱ्यापासून ठराविक अंतर राखून लटकतो, आणि सवयीच्या नजरेला ही मांडणी लांबूनही ओळखू येते. याउलट मिनिऑप्टेरस अंगाला अंग घासून दाट घोळक्याने राहतात. महाबळेश्वरची रॉबर्स केव्ह अशा वसाहतींसाठी फार पूर्वीपासून माहीत आहे. एम्बॅलोन्युरिडी कुळातले टॅफोझूस मोकळे लोंबकळत नाही. ते पोट खडकाला टेकवून, मनगटांवर भार देऊन भिंतीला चिकटते आणि उजेड पडताच तिरके सरकत फटीत शिरते. पिपिस्ट्रेलस तर बहुधा दिसतच नाही. झाडाची सुटलेली साल, तुळईची फट किंवा कौलांची खाच यांत ते घट्ट शिरून बसते.

गुहा आणि इमारतींकडेच लक्ष राहिले तर जंगलातली खरी जंगली वटवाघळे हातची निसटतात. ऱ्हायनोलोफस बेडोमी ही काळपट करड्या, लोकरीसारख्या केसांची जात एकट्याने किंवा जोडीने जुन्या झाडाच्या मोठ्या ढोलीत राहते. जुनी झाडे राखलेली देवराई तिच्यासाठी वनखात्याच्या रोपवनापेक्षा कितीतरी मोलाची असते. म्युरिना वंशातली वटवाघळे फांदीवर अडकलेल्या वाळक्या पानांच्या झुबक्यात दडतात. टायलोनिक्टेरिस हा त्याहून विलक्षण. त्याची कवटी इतकी चपटी असते की भुंगेऱ्याने उभ्या बांबूला पाडलेल्या अरुंद फटीतून तो पेराच्या पोकळीत शिरतो. अंगठ्याच्या आणि पायाच्या तळाशी असलेल्या गोल गाद्यांमुळे आतल्या गुळगुळीत भिंतीला त्याची पकड बसते. बेळगावकडच्या जंगलातून त्याची जुनी नोंद आहे. त्यामुळे दक्षिणेकडच्या ओल्या जंगलात बांबूची बेटे पाहताना पेरांवरच्या उभ्या फटींकडे लक्ष ठेवावे, पण बांबू चिरून आत पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

केळीच्या बागेचा उल्लेख येथे वेगळा करायला हवा. केरिवूला पिक्टा हे जेमतेम पाच ग्रॅमच्या आसपास भरणारे वटवाघूळ खाली लोंबणाऱ्या वाळक्या केळीच्या पानाच्या गुंडाळीत दिवस काढते. अंगावरचे केस लांब, मऊ आणि नारिंगी; पंखाच्या हाडांच्या कडेने तीच नारिंगी छटा मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत गेलेली आणि बोटांमधला पडदा काळा. हे वर्णन वाचताना ते भडक वाटते. वाळक्या पानात मात्र सुरकुतलेल्या पानाचाच तुकडा वाटावा इतके ते मिसळून जाते. कोकणातले बागायतदार वाळकी पाने सरसकट कोयत्याने उतरवतात, तेव्हा पान तोडण्यापूर्वी ते खालून हलकेच उचलून पाहण्याची सवय लावून घेणे हा या जातीच्या संरक्षणाचा सर्वांत सोपा उपाय आहे. याच रंगांमुळे तिची वाळवलेली शरीरे शोभेची वस्तू म्हणून परदेशी बाजारात विकली जातात, म्हणून तिच्या निवाऱ्याचे नेमके ठिकाण जाहीर करू नये.

चेहरा आणि कान

चेहरा पाहण्यासाठी प्राणी हातात घेण्याची गरज नाही. थोड्या अंतरावरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने आणि मंद प्रकाशात घेतलेले छायाचित्र पुरते. नाकावर कोणतीही घडी नसेल तर व्हेस्परटिलिओनिडी, मिनिऑप्टेरिडी, एम्बॅलोन्युरिडी आणि मोलॉसिडी ही कुळे विचारात घ्यावीत. घडी असेल तर तिचे भाग वेगळे करून पाहावेत. ऱ्हायनोलोफसमध्ये नाकपुड्यांभोवती नाल, त्याच्या मधोमध पुढे आलेला छोटा उंचवटा आणि कपाळाकडे वर गेलेले भाल्याच्या टोकासारखे उभे पान असे तीन स्पष्ट भाग दिसतात. हिप्पोसिडेरॉसमध्ये टोकदार भाला नसतो. त्याजागी आडवी, बोथट पट्टी असते. नाकाच्या पानाच्या बाजूंना असलेल्या जादा लहान पाकळ्या मोजणे जातीसाठी उपयोगी पडते: स्पिओरिसमध्ये त्या प्रत्येक बाजूला तीन असतात, तर फुल्व्हस आणि एटर या जातींत नसतात. पायाची बोटे स्पष्ट दिसत असतील तर आणखी एक खात्रीचे लक्षण मिळते. ऱ्हायनोलोफसच्या अंगठ्याखेरीज इतर बोटांत तीन हाडे असतात, हिप्पोसिडेरॉसच्या सर्व बोटांत दोनच.

कानाच्या तोंडाशी उभी असलेली लहान पाकळी, जिला ट्रॅगस म्हणतात, ती वरील दोन्ही कुळांत नसते. साध्या चेहऱ्याच्या वटवाघळांत मात्र वंश ओळखायला तीच कामी येते: मायोटिसमध्ये ती सरळ, निमुळती आणि टोकदार, पिपिस्ट्रेलसमध्ये आखूड, बोथट आणि किंचित आत वळलेली, केरिवूलात लांब आणि सुईसारखी. म्युरिनाच्या नाकपुड्या दोन लहान नळ्यांसारख्या बाजूंना उघडतात, त्यामुळे त्याची गल्लत होण्याचे कारण नाही. मिनिऑप्टेरसचे कपाळ उंच असते आणि पंखाच्या तिसऱ्या बोटाचे दुसरे हाड पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट लांब असते. दोन मोठे कान कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि शेपटी दिसत नसेल तर ते मेगाडर्माटिडी. ओल्या जंगलातली या कुळातली लहान जात म्हणजे मेगाडर्मा स्पाझ्मा. लायरोडर्मा लायरा ही मोठी जात कीटकांबरोबर बेडूक, पाली आणि उंदीरही खाते. शेपटीकडेही पाहावे: मोलॉसिडीत ती दोन पायांमधल्या पडद्याच्या कडेबाहेर येते, एम्बॅलोन्युरिडीत पडद्याच्या मध्यातून वर निघते.

उडण्याची जागा

रुंद, आखूड पंखांचा प्राणी हळू उडतो आणि दाट फांद्यांतून वळणे घेतो. लांब, अरुंद पंखांचा वेगाने उडतो, पण त्याला मोकळे आकाश लागते. या एका नियमावर अधिवासाचा बराचसा उलगडा होतो. ऱ्हायनोलोफस, केरिवूला आणि म्युरिना झाडीच्या आत शिकार करतात. पिपिस्ट्रेलस पायवाटेवर, जंगलाच्या कडेने आणि झाडांमधल्या मोकळ्या जागेत फेऱ्या घालते. मायोटिस हॉर्सफील्डी ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पृष्ठभागालगत उडते आणि पायांच्या मोठ्या पंजांनी पाण्यावरचे कीटक उचलते. टॅफोझूस आणि मोलॉसिडी कुळातली वटवाघळे झाडांच्या शेंड्यांच्याही वर असतात.

निवारा जंगलात आहे म्हणून शिकारही जंगलातच होते, असे मात्र गृहीत धरू नये. कर्नाटकात बेळगावजवळच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत राहणारे, मोलॉसिडी कुळातले ऑटोमॉप्स रॉटोनी याचे उत्तम उदाहरण आहे. १९१३ साली ऑल्डफिल्ड थॉमस यांनी वर्णन केलेली ही जात अनेक दशके केवळ या परिसरातूनच ठाऊक होती आणि ती वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गुहा गर्द जंगलात असली तरी या जातीचे लांब, निमुळते पंख उंच, मोकळ्या हवेतल्या शिकारीचे आहेत. म्हणून नोंदवहीत निवारा आणि शिकारीची जागा यांचे रकाने वेगळे ठेवावेत. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेल्या नोंदीचा पुढे फारसा उपयोग होत नाही.

आवाजाची नोंद

वटवाघळांचे शिकारीचे आवाज बहुतांशी माणसाच्या ऐकण्यापलीकडचे असल्याने बॅट डिटेक्टर लागतो. हेटरोडाइन प्रकारचा, म्हणजे निवडलेल्या वारंवारतेजवळचा आवाज आपल्याला ऐकू येईल असा खाली आणणारा साधा डिटेक्टर फेरफटक्यासाठी चांगला, पण ओळख पटवायची तर पूर्ण ध्वनिपट साठवणारे यंत्र हवे. ध्वनिमुद्रण करताना नमुना-दर, म्हणजे यंत्र सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेते तो आकडा, आवाजाच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त ठेवावा लागतो. ऑडिओमॉथसारखे यंत्र १९२ किलोहर्ट्‌झवर लावले तर ९६ किलोहर्ट्‌झच्या वरचे काहीही मिळणार नाही, आणि हिप्पोसिडेरॉसच्या लहान जाती १२० किलोहर्ट्‌झच्याही वर आवाज काढत असल्याने त्या नोंदीतून पूर्णपणे गळून पडतील. जंगलात ते ३८४ वरच ठेवावे.

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता दाखवणाऱ्या आलेखावर ऱ्हायनोलोफसचा आवाज लांब, सपाट आडव्या रेघेसारखा दिसतो. तो ५० मिलिसेकंदांपर्यंत चालू शकतो. ऱ्हायनोलोफस रौक्सी सुमारे ८० किलोहर्ट्‌झवर बोलते, म्हणजे तिच्या ध्वनीची तरंगलांबी चार मिलिमीटरच्या आसपास असते आणि लहान पतंगाच्या पंखांची फडफडही तिला त्यातून कळते. हुबेहूब तशीच दिसणारी, पण सुमारे ९० किलोहर्ट्‌झवर बोलणारी वटवाघळे दक्षिण भारतात आढळली आणि डीएनएच्या आधारे ती इंडोरौक्सी ही वेगळी जात ठरली. आवाज नोंदवल्याशिवाय या दोघींत फरक करणे धाडसाचे आहे. हिप्पोसिडेरॉसची रेघही सपाटच असते, पण ती फार आखूड असते आणि शेवटी खाली घसरते. पिपिस्ट्रेलसची रेघ वरून झपकन उतरते आणि हॉकीच्या काठीसारखी वळून सपाट होते. मिनिऑप्टेरसची रेघही जवळपास तशीच असल्याने केवळ आलेखावरून या दोघांत निवाडा करू नये. जवळपासचा निवारा पाहून मगच नाव लिहावे. मायोटिसची रेघ जवळजवळ उभी असते.

उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत लवकर विरतो, त्यामुळे हिप्पोसिडेरॉस किंवा केरिवूला यंत्रापासून काही मीटरांवरून गेले तरच मुद्रित होते, तर टॅफोझूसचा २५ ते ३० किलोहर्ट्‌झचा आवाज बऱ्याच लांबून येतो. मुद्रित आवाजांच्या संख्येवरून कोणती जात अधिक आहे हे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. पावसाळ्यानंतर रातकिडे आणि नाकतोड्यांचे श्राव्यातीत आवाजही भरपूर मिसळतात. ते यंत्रासारखे सलग आणि एका जागेवरून येतात, तर वटवाघळाचा आवाज जवळ येताना वाढतो आणि दूर जाताना क्षीण होतो.

कधी जावे आणि काय टाळावे

सह्याद्रीतल्या अनेक जातींची पिल्ले पावसापूर्वी जन्मतात, कारण आईला दूध पाजताना कीटकांचा सुकाळ मिळावा लागतो. मार्च ते जुलै या काळात वसाहतीच्या गुहेत मुळीच शिरू नये. घाबरून उडालेल्या मादीच्या अंगावरून पिल्लू पडले तर ते सहसा वाचत नाही. या दिवसांत सूर्यास्तापूर्वी गुहेच्या तोंडापासून दूर, बाजूला बसून बाहेर पडणाऱ्या प्राण्यांची मोजणी करावी. इतर वेळीही संरक्षित क्षेत्रात वनविभागाची परवानगी घेऊनच जावे, गुहेत थोडाच वेळ थांबावे आणि फ्लॅश वापरू नये.

वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या संशोधकांना महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या काही वटवाघळांच्या नमुन्यांत निपा विषाणूच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. पण तेवढ्यावरून वटवाघळांचा द्वेष करण्याचे किंवा गुहा धुरवण्याचे काहीच कारण नाही, उलट वसाहत उधळली तर प्राणी विखुरतात आणि संपर्क वाढतो. विष्ठेची धूळ साचलेल्या बंद जागेत एन-९५ मास्क लावावा, आणि वटवाघळाने चावा घेतलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

नोंद लिहिताना तारीख, सूर्यास्तानंतरची वेळ, उंची, जंगलाचा प्रकार, निवारा, लटकण्याची पद्धत आणि ध्वनिफितीचे नाव एवढे लिहिले की ती पुरी होते. जातीची खात्री नसेल तेथे ‘पिपिस्ट्रेलस, जात अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे आणि मूळ ध्वनिफीत जपून ठेवावी. इंडोरौक्सीसारखी जात पुढे वेगळी ठरली तर त्या जुन्या फितीवरूनच नाव सुधारता येते.