दुर्बिणीच्या एअर रायफलीचा नेम रोज एकसारखा कसा लागेल?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवलं. तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. त्या प्रकारात लक्ष्य मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्रातून पाहून नेम धरतात. दुर्बीण लक्ष्य जवळ आणून दाखवते, एवढंच तिचं काम. छर्रा दर वेळी त्याच जागी जायला हवा असेल तर गाल, हात आणि बोटही दर वेळी त्याच जागी हवेत.

इथे मी नळी खाली वाकवून भरायच्या, .१७७ इंच व्यासाच्या छर्ऱ्याच्या स्प्रिंग रायफलीबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात हिच्यावरच होते. .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तरी हे खेळणं नव्हे. टार्गेटच्या मागे छर्रा अडवणारी पेटी हवी, डोळ्यांना चष्मा हवा आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर हवं.

आधी स्क्रू तपासा. मी जवळजवळ महिनाभर दुर्बिणीवरच्या, नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या चकत्या फिरवत बसलो होतो, आणि दोष निघाला लाकडी दस्त्याच्या सैल स्क्रूंचा. स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते आणि आत हवा दाबणारा पिस्टन टोकाला आपटला की लगेच पुढे. या दुहेरी धक्क्याने स्क्रू ढिले होतात, दुर्बिणीची पकड मागे सरकते, आणि साध्या बंदुकीसाठी बनवलेली दुर्बीण आतून खिळखिळी होते. म्हणून दुर्बीण एअर रायफलीसाठी बनवलेलीच घ्या आणि पकडीला मागून अडवणारा स्टॉपर लावा.

मग डोळा. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, तिला हात न लावता दुर्बिणीतून पाहा आणि डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. दुर्बिणीतली नेमाची फुली टार्गेटवरून सरकताना दिसली तर तो पॅरॅलॅक्स. बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, त्यामुळे १० मीटरवर हा दोष ठळक दिसतो. पुढच्या भिंगाची किंवा बाजूची कडी फिरवून तो काढा. तशी सोय नसेल, तर गाल दस्त्यावर नेमका त्याच जागी टेकवणं हाच उपाय. मी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, गालाला तो लगेच कळतो.

सर्वात जास्त वेळ द्या तो हातांच्या पकडीला, म्हणजे रायफल कशी धरता त्याला. आपण धक्का आवरायला रायफल घट्ट आवळतो आणि तिथेच फसतो. छर्रा नळीत असतानाच रायफल हलायला लागलेली असते. दर वेळी ती सारखीच हलली तर छर्रेही सारखेच जातील, पण आवळण्याचा जोर दोनदा सारखा येत नाही. म्हणून पुढचा हात पिशवीवर ठेवा, तळवा उघडा, त्यावर रायफल नुसती टेकवा आणि खांद्याला हलकीच लावा. कठीण टेबलावर थेट टेकवू नका. आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. फुली बाजूला गेली असेल तर हाताने ओढू नका, बैठक सरकवा.

श्वास अर्धा सोडून थांबा. सहा-सात सेकंदांत बार सुटला नाही तर रायफल खाली घ्या. ट्रिगर बोटाच्या पेराच्या मऊ भागाने सरळ मागे दाबा आणि बार सुटल्यावरही क्षणभर दाबलेलाच ठेवा, डोळा फुलीवरच.

चकती फिरवायची वेळ आता येते. पाच छर्रे मारा आणि मध्ये काहीही बदलू नका. पाचही एका जागी जमले असतील तरच फिरवा. विखुरले असतील तर दोष हातांच्या पकडीत, स्क्रूत किंवा छर्ऱ्यात शोधा. पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) चकतीची एक टिक १० मीटरवर सुमारे ०.७ मिलिमीटर सरकवते, म्हणजे १४ मिलिमीटरला सुमारे २० टिक. एका छर्ऱ्याकडे पाहून चकतीला हात लावायचा नाही, हे मला फार उशिरा समजलं.

छर्रे तीन-चार प्रकारचे आणून पाहा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. १० मीटरला सपाट तोंडाचे बरे, कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. मागची कड चेपलेले बाजूला काढा. छर्ऱ्याचा डबा, हवामान आणि पाचांचा पसारा वहीत लिहा.

घरी सरावासाठी रिकामी रायफल मात्र झाडू नका. छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची गादी राहत नाही, तो थेट आपटतो आणि सील व स्प्रिंग खराब होते. रायफल न चढवता, नळी रिकामी असल्याची खात्री करून, पक्क्या भिंतीवर एक ठिपका काढा आणि रोज दहा मिनिटं फुली त्यावर स्थिर ठेवा.