जीएनएमनंतर अकरा वर्षांनी पुन्हा बाकावर

जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतल्यावर नंदुरबारकडच्या एका रुग्णालयात अकरा वर्षं ड्युटी करून मी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगला, म्हणजे पदविकेनंतरच्या पदवीला, प्रवेश घेतला. दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स. बारावी, जीएनएम आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आता विचार करणाऱ्या सिस्टरांना माझं पहिलं सांगणं: फॉर्मच्या आधी रजेचं बघा. माझं ना-हरकत पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं आणि एक वर्ष हातचं गेलं. अभ्यासरजा मिळेल का, पगाराचं काय, बंधपत्र किती वर्षांचं, हे लेखी घ्या. नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही उरकून टाका.

‘वॉर्डचा अनुभव आहे, निघून जाईल’ असं मलाही वाटायचं. पण लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी हवी, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण 100 टक्के भरावी लागते. लेकरू आजारी पडलं तरी बुडालेले दिवस भरून द्यावेच लागतात. तेव्हा घरी कोण थांबणार, हे सासूबाईंशी आणि नवऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

मला सगळ्यात धास्ती होती बायोकेमिस्ट्रीची. आणि तिथंच मला सगळ्यात जास्त मिळालं. थंडी पडली की सातपुड्यातल्या पाड्यांवरून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं आमच्याकडे यायची. गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडायची. ऑर्डर आली की मी सलाईन लावायची, इंजेक्शन द्यायची, पांघरूण घालायची. हात आपोआप चालायचे. वर्गात मॅडमनी फळ्यावर हिमोग्लोबिनची बीटा साखळी काढली. सिकलसेलमध्ये तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं येतं, एवढाच फरक. ऑक्सिजन कमी पडला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला की त्रास आणखी वाढतो. सलाईन कशासाठी, पांघरूण कशासाठी, ते त्या दिवशी कळलं. माझ्या डोळ्यांसमोर पाच नंबरच्या खाटेवरचा मुलगा उभा राहिला.

त्यानंतर केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा, लिहिताना हात थरथरायचा थांबला. आधी मी नुसतं ‘रुग्णाला वेदना आहेत’ लिहायची, मॅडम लाल पेनानं खोडायच्या. मग लिहायला लागले: ‘रक्तप्रवाह अडल्यामुळे दोन्ही पायांत तीव्र वेदना, 10 पैकी 8.’

प्रवेशाला वेळ असेल तर आजच दोनशे पानी वही घ्या. ड्युटी संपली की त्या दिवसाचा एक पेशंट लिहा, नाव न घालता. डावीकडे काय केलं, उजवीकडे का केलं. उजवी बाजू कोरी राहिली तर राहू द्या, वही तशीच वर्गात घेऊन जा.