घोडं पुढच्या पायाने सारखं लंगडतंय? खांदा चोळत बसू नका, आधी खूर बघा

घोडं पुढच्या पायाने लंगडायला लागलं की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. कोणीतरी येऊन सांगणार की खांदा भरलाय, मग तेल चोळायचं, शेक द्यायचा, मेडिकलमधून एक इंजेक्शन आणून ठोकायचं, दोन दिवसात घोडं सरळ चालतं, परत कामाला जुंपलं जातं आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तोच पाय. खांद्याचं दुखणं असतं, नाही असं नाही, पण कमी. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातूनच निघतं. त्यातून ते पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण गेलेलंच नाही, फक्त दुखणं गप्प केलंय असं समजा.

पहिलं काम म्हणजे नक्की कोणता पाय ते ठरवणं, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. घोडं सपाट, कडक जमिनीवर आणा, सिमेंटचा रस्ता चालेल पण गुळगुळीत नको. एकाने दोर ढिला सोडून दुडकी चालीने न्यायचं, तोंडाजवळ घट्ट धरलं तर डोकं हलणारच नाही आणि काही कळणार नाही. तुम्ही समोरून बघा. दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, चांगला पाय टेकला की खाली जातं. बघणारा नेमका उलटं धरतो, खाली गेलं तो पाय दुखरा समजतो. शंका असेल तर मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा, आणि डोळे मिटून आवाजही ऐका, दुखऱ्या पायाचा टाप हलका पडतो. मग गोल फिरवा, दोन्ही बाजूंनी. खुराचं दुखणं असेल तर तो पाय आतल्या बाजूला आला की, आणि जमीन कडक असली की, लंगडणं बहुधा वाढतं. मऊ मातीत किंवा वाळूत जास्त लंगडत असेल तर शीर (टेंडन, स्नायू हाडाला बांधणारी दोरी) किंवा लिगामेंटचा (हाडाला हाड जोडणारी पट्टी) संशय घ्या.

एक फसवणारा प्रकार सांगून ठेवतो. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही. घोडं फक्त आखूड पावलं टाकतं, उतारावर कचरतं, वळताना अडखळतं, आणि मालक म्हणतो की आळशी झालंय, मग चाबूक. ठाणावर उभं असताना एकदा हा पाय पुढे टाकून, एकदा तो टाकून उभं राहत असेल तर त्याला आळस म्हणू नका.

आता खूर. काम न करता शांत उभ्या घोड्याच्या दोन्ही खुरांवर हात ठेवा, एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का बघा, पण उन्हात उभं असेल तर याला अर्थ नाही. जास्त भरवशाची गोष्ट म्हणजे नाडी. खुराच्या वर जो सांधा आहे त्याच्या मागच्या अंगाला, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकी ठेवा, दोरीसारखं काहीतरी बोटाखाली सरकतं, तीच जागा. निरोगी घोड्यात ही नाडी शोधावी लागते, कधी कधी सापडत पण नाही. खुरात सूज किंवा पू असला की ती बोटावर ठोके मारते. घोडं बरं असतानाच रोज खरारा करताना ही नाडी बघायची सवय लावा, म्हणजे बिघडलेली लगेच ओळखता येईल.

मग पाय उचलून तळवा स्वच्छ करा, नुसता खूर साफ करायचा हुक फिरवून नाही, पाण्याने धुवून ब्रशने. मध्ये जो त्रिकोणी रबरासारखा भाग असतो ती पुतळी, तिच्या कडेच्या आणि मधल्या खाचा बघा. काळा चिकट पदार्थ आणि नाकात जाणारा कुजका वास आला तर खूर सडतोय. मधली खाच टाचांच्या बाजूला इतकी खोल गेलेली असते की हुकाचं टोक आत जातं आणि घोडं पाय ओढून घेतं. कोकणच्या पट्ट्यात, माथेरान-महाबळेश्वरसारख्या पावसाच्या ठिकाणी हे घरोघरी आहे, आणि याच्यामुळे घोडं टाच टेकायचं टाळतं, पंजावर, म्हणजे खुराच्या पुढच्या टोकावर, चालतं आणि लोक वर कुठेतरी दुखणं शोधत बसतात. उपाय स्वस्त आहे, सडलेला भाग नालबंदाकडून काढून घ्या, रोज धुवा, कोरडं करा, पातळ पोव्हिडोन आयोडीन किंवा मोरचूदाच्या पातळ पाण्यात भिजवलेला कापूस खाचेत बसवा. मोरचूद जास्त घट्ट केलात तर चांगलं मांसही जळतं. आणि ठाण ओलं, लीद-मुतात राहिलं तर मात्र जगातलं कुठलंही औषध चालणार नाही.

एका रात्रीत घोडं तीन पायांवर आलं, पाय टेकवतच नाही, तर मालकाला वाटतं हाड मोडलं. बरेचदा तो खुरातला पू असतो. पण हे घरबसल्या ठरवायचं नाही, हाड मोडलेलं घोडं पण असंच उभं राहतं, म्हणून डॉक्टर लगेच. डॉक्टर खुराच्या चिमट्याने इंच-इंच दाबत जातात, एका जागी घोडं झटक्यात पाय मागे घेतं, तिथे तळवा कोरला की बारीक काळी रेघ दिसते, ती धरून आत गेलं की करड्या-काळ्या रंगाचा घाण वासाचा पू येतो, कधी कधी चिळकांडीच उडते, आणि बरेचदा थोड्याच वेळात घोडं पाय टेकवायला लागतं. नंतर गव्हाचा कोंडा, इप्सम सॉल्ट आणि गरम पाणी याचं पोटीस बांधा, वरून लहान मुलांचं डायपर आणि जाड चिकटपट्टी. रोज बदला. धनुर्वाताची लस दिलेली आहे का हे त्याच दिवशी विचारा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि तो झाला की वाचवणं कठीण. स्वतः चाकू घेऊन खोल खणू नका, आतलं जिवंत मांस उघडं पडलं तर पू परवडला असं होतं.

पू त्याच पायात, त्याच जागी वारंवार होत असेल तर एक्स-रे काढलाच पाहिजे. आत हाडाचा तुकडा, जुना खडा, खुराची भिंत सुटलेली, काहीही असू शकतं.

खिळा घुसला असेल तर उत्साहाच्या भरात उपटू नका. पुतळीत किंवा तिच्या आसपास घुसला असेल तर आत सांध्यापर्यंत गेलाय की नाही ते खिळा जागेवर असतानाच एक्स-रेत कळतं. डॉक्टर येईपर्यंत खिळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे बांधून तो आणखी आत जाणार नाही असं करा. डॉक्टर लांब असतील, काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर काढायच्या आधी फोटो घ्या, किती आत आणि कोणत्या दिशेने होता ते लिहून ठेवा.

आता मुख्य दोषी, नाल. लंगडणं सुरू झाल्याची तारीख आणि नाल मारल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा, बऱ्याच घोड्यांचं कोडं इथेच सुटतं. नाल मारल्यावर पहिल्या तीन-चार दिवसात लंगडलं तर बहुधा एखादा खिळा आतल्या जिवंत भागाच्या जवळून गेलाय. एकेका खिळ्यावर हलकं ठोकून बघा, कुठे पाय झटकतो, तो खिळा काढायला लावा, तो ओला किंवा काळा निघाला तर आत घाण झालीच, डॉक्टरांना दाखवा. आणि नाल मारून सहा-सात आठवडे झाल्यावर दर वेळी लंगडत असेल तर पंजा लांब होतोय. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतं, नाल असल्यामुळे झिजत नाही, पंजा पुढे पळतो, टाच दबते आणि मागच्या शिरेवर आणि तिच्याखालच्या छोट्या नावेसारख्या हाडावर ताण येतो. बाजूने, जमिनीच्या पातळीवर मोबाईल ठेवून फोटो काढा. सांध्यापासून खुरापर्यंतचा तिरका भाग आणि खुराची पुढची भिंत एकाच रेषेत असायला हवी. रेष मध्येच मागे मोडलेली दिसली तर खूरकापणी चुकतेय. आपल्याकडे तयार नाल आणून खुराला त्या मापात कानसतात, हे उलटं आहे, नाल खुराच्या मापाची करायची आणि मागे टाचेला पूर्ण आधार मिळेल इतकी लांब ठेवायची. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवायचाच, नाल घट्ट आहे म्हणून दोन महिने चालवायची नाही. खर्च वाचतो असं वाटतं, पण घोडं आठ दिवस ठाणावर उभं राहिलं की हिशोब बघा.

हे सगळं ठीक करूनही आखूड चाल, आज डावा उद्या उजवा, असं चालू असेल तर त्या छोट्या हाडाचं दुखणं, म्हणजे नॅव्हिक्युलर, डोक्यात ठेवा. डॉक्टर टाचेच्या वर नसेजवळ भूल देऊन बघतात, पाच-दहा मिनिटांत लंगडणं गेलं तर दुखणं खुरातच आहे हे जवळपास पक्कं, आणि बऱ्याचदा लगेच दुसऱ्या पायाने लंगडायला लागतं, कारण तोही दुखतच होता. या तपासणीच्या आधी दुखण्याचं औषध देऊ नका, दिलं असेल तर सांगा, नाहीतर सगळी मेहनत वाया. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याकडच्यांसाठी शिरवळचं, अशा ठिकाणी आधी फोन करून विचारून घोडं न्या. नॅव्हिक्युलर पूर्ण बरं होत नाही, सांभाळता येतं: पंजा आखूड, टाचेला आधार, वजन कमी, कडक उतार बंद, पण रोज थोडं चालवणं चालू. ठाणावर बांधून ठेवलं तर उलट आखडतं.

याच्या बरोबर उलटं लॅमिनायटिसचं, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या थराला सूज येते त्याचं. घोडं पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर रेलून उभं, दोन्ही खुरं गरम, नाडी ठोकतेय, हलायला तयार नाही, तर चालवायचंच नाही, एक पाऊलसुद्धा. चंदी (दाणा) बंद, खुरं बर्फाच्या पाण्यात, खाली जाड मऊ गादी, डॉक्टरांना त्याच तासाला फोन. बाजारासाठी चणे, गूळ, तूप घालून मान जाड केलेली घोडी आणि रात्रीत पोतं फोडून धान्य खाल्लेली घोडी यात पहिली सापडतात. मानेवर चरबीची कडक लादी आणि खुरावर टाचेकडे रुंद होत गेलेल्या रिंगा दिसल्या तर हा प्रकार आधी होऊन गेलाय आणि पुन्हा होणार. गोंडस दिसण्याच्या नादात हे होतं, माझं स्पष्ट मत.

दुखण्याच्या औषधाचं एवढंच, फेनिलब्युटाझोन असो की मेलॉक्सिकॅम, डोस आणि दिवस डॉक्टरांनी ठरवायचे, जास्त दिवस दिलं तर पोटात अल्सर आणि किडनीला मार. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक २०२३ पासून, कारण मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. मेडिकलवाला माणसाचं देतो म्हणून आणायचं नाही. आणि औषध देऊन सवारी तर अजिबात नाही, लंगड्या जनावराकडून काम घेणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. परत कामाला लावायचं ते औषध बंद केल्यावर सलग काही दिवस दुडकी सरळ असेल तेव्हाच, आधी हाताने चालवून, मग हलका स्वार.

सारंगखेड्याला किंवा कुठल्याही बाजारात घोडं घेताना पण हेच वापरा. रेतीत नाचवून दाखवतील, बघून घ्या, मग कडक रस्त्यावर ढिल्या दोराने दोन्ही बाजूंनी गोल दुडकी मागा, चारही खुरं उचलून वास घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता परत जाऊन ठाणावरून निघतानाची पहिली पावलं बघा. औषध टोचलेलं असेल तर ते तेव्हापर्यंत थोडंफार उतरलेलं असण्याची शक्यता असते. मालक कडक रस्त्यावर न्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढच्या घोड्याकडे वळा, बाजारात घोडी कमी नसतात.