बालवाडीत हळदीचा कागद करायचा असेल तर

बादली. हळद लावलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने लाल रेघ ओढायची आणि लिंबाने ती परत पिवळी करायची, या प्रयोगाच्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर बादली लिहा. साध्या पाण्याची, अर्धी भरलेली, आणि शेजारी जुन्या सुती साडीची दहा-बारा ओली फडकी. बाकी काही राहिलं तर निभावता येतं, हे नाही.

गेल्या वर्षी मी वीस मुलांपुढे हळद ठेवली, साबणाचं पाणी ठेवलं, लिंबं चिरून ठेवली आणि बादली ठेवलीच नाही. शेवटी सगळ्यांचे हात पिवळे. सरळ मोरीवर नेलं आणि साबण लावला. हळदीच्या हातांवर साबण लागल्यावर तळवे तांबडेलाल झाले. चार वर्षांची एक मुलगी ओंजळीकडे बघत राहिली आणि "रक्त! रक्त!" म्हणून किंचाळली. तिच्यामागे अख्खा वर्ग रडायला लागला. तोच रंग कागदावर उमटला तेव्हा ती टाळ्या पिटत होती. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मला ते अजून लागतं.

म्हणून क्रम असा: प्रयोग झाला की आधी ओल्या फडक्याने हात पुसायचे, मग बादलीत खळबळून घ्यायचे, आणि साबण सगळ्यात शेवटी. त्याआधी आपल्या बोटावर हळद लावून, साबण लावून, "बघा, माझं बोटही कागदासारखंच लाल झालं" असं दाखवा. आता मी हे प्रयोगातच धरते. बादली अर्धीच भरा, मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवा, काम संपलं की रिकामी करून उपडी घाला. लहान मुलांच्या खोलीत भरलेली बादली सोडून जायची नाही.

कागद आदल्या दिवशी करा. दोन चमचे हळद, चार चमचे पाणी, ब्रशने पांढऱ्या कागदावर पातळ हात, आणि सावलीत वाळवण. उन्हात हळदीचा रंग उडतो. ओला कागद मुलांच्या हातात फाटतो, त्यामुळे "सकाळी करू" म्हणू नका.

साबणाचं घरी एकदा करून बघाच. भांड्यांच्या पातळ साबणाने कधीकधी रंग बदलतच नाही, कारण सगळे साबण सारखे अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे, नसतात आणि हळद त्या गुणानेच लाल होते. कपड्यांच्या वडीचा थोडा कीस वाटीभर पाण्यात विरघळवा, त्याने हमखास होतं. पाण्यात बोटं घालू द्यायची नाहीत, कापूस गुंडाळलेल्या काड्या द्या. काडीने रेघ ओढली की लाल, त्यावर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. कुणी चुना आणा म्हणेल, रंग झकास येतो म्हणून. हळदीचं कुंकू करायला चुना वापरतात हे खरं, पण बालवाडीत चुना आणायचा नाही. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. लिंबाचेही हात डोळ्याला लागतात आणि झोंबतात. तेव्हाही जवळ काय लागतं? साधं पाणी आणि फडकं.

एका वेळी पाच मुलं, जास्त नाही. उरलेल्यांना दुसरं काम हवं, नाहीतर ती वाट्या उलथतात. भेंडीचे ठसे सगळ्यात सोपे: आडवी कापलेली भेंडी, गेरू कालवलेली ताटली, रद्दी कागद. पाच पाकळ्यांचं फूल उमटलं की मूल पुढची दहा मिनिटं मान वर करत नाही. कापणं तुमचं, सुरी वर्गात ठेवू नका.

चिकटवायला कणकेची खळ, त्याच दिवशी शिजवलेली. टिकावी म्हणून मोरचूद अजिबात घालू नका, ते विष आहे आणि मुलं बोटं चाटतात.

मटकी उगवून दाखवायची असेल तर मोड आलेली थोडी बरोबर न्या. कोरडी मटकी कापसात ठेवली तर मुलं दर पाच मिनिटांनी उकरून बघतात. मणी, बटणं नकोत. वर्तमानपत्र, जुने शर्ट, नावं लिहायला पेन हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पालकांना आदल्या दिवशी सांगा, जुने कपडे घालून पाठवा. डाग पडलाच तर धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, फिका होतो. आणि बादली पिशवीत मावत नाही म्हणून ती घरी राहते. आदल्या रात्रीच दाराशी आणून ठेवा, फडकी तिच्यातच टाकून.